माणसं बघण्यासाठी सिनेमे आणि डॉक्युमेंटऱ्या बघणारे कोण कोण आहेत इथे?

नौपाडा_स्लो_लोकल

खूप दिवस मनात होतं हा धागा काढायचं. मी फिल्म वगैरे शिकलेली नाही, घर नौपाड्यात, ऑफिस बेलापूरला, रोज ट्रान्स हार्बरने जाणं येणं आणि रात्री भांडी आवरून झाली की जे काय बघायचं ते बघणं. पण आता माझं असं झालंय की पुढे काय होणार यात मला फारसा रस उरत नाही, हा माणूस असा का वागला, ही बाई आत्ता गप्प का बसली, हेच डोक्यात फिरत राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऐरोली रबाळे करत जाताना पण तेच चालू असतं.

‘कोर्ट’ घ्या, चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. एका सफाई कामगाराचा गटारात मृत्यू होतो आणि लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप ठेवतात की तुमचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. विषयच एवढा मोठा आहे की दुसऱ्या कोणी दोन तास नुसती भाषणं करून घेतली असती. इथे काय होतं, तर सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कोर्ट सुटल्यावर लोकलमध्ये बसते, शेजारच्या बाईशी साडी आणि ऑलिव्ह ऑईलबद्दल बोलते, मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. खटल्याला याची काही म्हणजे काही गरज नाही. पण हे बघितल्यावर ती कोर्टात उभी राहून एका सुरात कलमं वाचायला लागते ना, तेव्हा मला तिला व्हिलन म्हणता येईना. तिचा त्या शाहीरावर राग नाहीये, तिला काम उरकायचंय, आणि त्या उरकण्यात एका माणसाची कितीतरी वर्षं जाणार आहेत हे तिच्या गावीही नाही. हे जास्त भयंकर आहे असं मला वाटतं. आणि अशी बाई मी रोज लेडीज डब्यात बघते, प्रेमळ असते, जागा देते, पर्समधून गोळी काढून देते, म्हणून तर ते आत लागलं.

तर मी अशी बघते की गोष्टीला गरज नसताना तो माणूस काय करतो, आणि आपल्यापेक्षा ज्याचं काही चालत नाही अशा माणसाशी कसा बोलतो. ‘कोर्ट’मधल्या जज साहेबांनी एका बाईची केस ती स्लीव्हलेस घालून आली म्हणून पुढे ढकलली, मिनिटभराचा सीन असेल नसेल, पण त्यांच्याबद्दल मला जे कळायचं ते तिथे कळलं.

तुम्ही सांगा, कुठला माणूस मनात राहिलाय आणि नक्की कशामुळे राहिलाय. ॲक्टरने केलेला असो की डॉक्युमेंटरीतला खरा असो, दोन्ही चालेल. रिव्ह्यू नको, स्टार नकोत, माणसाबद्दल लिहा.

घणसोली_ब्लूज

धागा चांगला आहे पण मला एक मनापासून विचारायचंय. हे असले सिनेमे इतके संथ का असतात? दिवसभर काम करून, महापेच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायचं आणि मग एक माणूस पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघतोय ते आपण बघायचं. मला माणसं आवडत नाहीत असं अजिबात नाही हो, पण कॅमेरा नुसता ठेवून दिला म्हणजे माणूस कळला असं होतं का? ‘कोर्ट’ मी अर्धा बघून सोडला होता हे पण सांगतो.

नौपाडा_स्लो_लोकल

@घणसोली_ब्लूज, प्रश्न बरोबर आहे आणि मी तर म्हणेन संथ आणि माणसाचा सिनेमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक उगाच एकत्र करतात. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आठवा, निशिकांत कामतचा. त्याला कोण संथ म्हणेल? पण अख्खा सिनेमा माधव आपटे या एका माणसावर उभा आहे, संदीप कुलकर्णीने काय काम केलंय. बँकेतला साधा माणूस, रोजची तीच गाडी, तीच गर्दी, आणि ते चक्र आधी आपल्याला नीट दाखवलंय म्हणून नंतर त्याचा जो बांध फुटतो तो आपल्याला पटतो, निदान समजतो तरी. मला त्याचं वागणं सगळं पटलं नाही, कायदा हातात घेणं तर नाहीच, पण तो तसा का झाला हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

नुसता ठेवलेला कॅमेरा म्हणालात त्याबद्दल. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब आणि जवळपास स्थिर असतो, अख्खी कोर्टरूम एका फ्रेममध्ये, त्यामुळे कोणाकडे बघायचं हे आपल्यावर सोडलेलं असतं. वकील बोलतायत आणि मी मागच्या बाकावर ताटकळलेल्या माणसांकडे बघत होते. क्लोजअप आला असता तर ते दिसले नसते ना. पण खिडकीतून बघणारा माणूस मलाही प्रत्येक वेळी आवडतोच असं नाही, काही जण खरंच काही सांगायचं नसतं म्हणून लांबवतात. ते ओळखू येतं.

दिवाळे_कोळीवाडा

पहिल्यांदाच लिहितोय या विभागात. मी कोळी, बेलापूरजवळ दिवाळे गावात राहतो. मला सांगायचंय ते ‘अगेन्स्ट द टाइड’ या डॉक्युमेंटरीबद्दल, सर्वनिक कौर यांची, २०२३ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला स्पेशल ज्युरी पुरस्कार मिळाला होता तिला. दोन मित्र आहेत, राकेश आणि गणेश, दोघेही मुंबईचे कोळी. राकेश वडिलांची होडी घेऊन जुन्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासे धरतो, गणेश परदेशात शिकून आलेला, मोठी बोट, खोल समुद्र आणि डोक्यावर कर्ज. मासळी दोघांनाही मिळत नाही. मग गणेशच्या डोक्यात एलईडी लाईटने मासेमारी करायचं येतं, जिच्यावर बंदी आहे, कारण उजेडाने सगळं म्हावरं वर येतं, बारीक पिल्लं पण सुटत नाहीत.

आता पेपरवाला लिहील की परंपरा विरुद्ध आधुनिकता. पण दोघं रात्री बसतात, पितात, भांडतात आणि तरी मित्र राहतात ते बघा. एक जण चूक आणि एक जण बरोबर असं बाईंनी केलेलं नाही, त्याबद्दल मी त्यांना मानतो. कारण आमच्या घरात हे दोन्ही आहेत. माझा काका अजून भरती ओहोटी, उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, बघून जाळं टाकणारा, खाडीत आता काय राहिलंय हे त्याला माहीत आहे तरी जातो. आणि माझा चुलतभाऊ हप्त्याच्या तारखा बघून डिझेल भरतो. त्या दोघांचं बोलणं अगदी असंच होतं, त्यात मध्ये पाण्याचा विषय निघतो, लग्नाचा निघतो, परत कर्जावर येतं.

आणि भाषा. सिनेमात कोळी आला की डोक्यावर टोपी, कमरेला रुमाल, नाचायचं आणि ‘गो’ ‘रं’ करत विचित्र काहीतरी बोलायचं, हे लहानपणापासून बघतोय आणि मनापासून राग येतो. इथे माणसं आपल्या घरात बोलतात तशी बोलतात. माझ्या आईने पहिल्या काही मिनिटांत विचारलं की हे कुठल्या गावचे, म्हणजे ती सिनेमा बघत नव्हती, माणसं ओळखत होती.

कळव्याची_चाफेकळी

@दिवाळे_कोळीवाडा, किती छान लिहिलंत, लिहीत राहा इथे.

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्यामुळे डॉक्युमेंटरी बघताना मला एकच गोष्ट सारखी टोचत राहते. तो खरा माणूस आहे. त्याचं आजारपण, त्याचं कर्ज, त्याच्या बायकोचं रडणं हे आपण सोफ्यावर बसून बघतोय. त्याने हो म्हटलं असेल, पण नक्की कशाला हो म्हटलंय हे त्याला कळलं होतं का? आमच्याकडे संमतीच्या फॉर्मवर सही घेतो तेव्हा पण मला कळतं की समोरच्याला अर्धंच समजलंय, मग मी परत सांगते, त्याच्या भाषेत सांगते. कॅमेऱ्यावाले सांगतात का?

आनंद पटवर्धन यांची ‘हमारा शहर’ आहे ना, १९८५ ची, मुंबईतल्या झोपड्या तोडण्यावरची. त्यात एक बाई थेट कॅमेऱ्यावाल्यांवरच भडकते, की तुम्ही हे फोटो काढून नेणार, तुमचं नाव होणार, आमचं काय होणार? आणि पटवर्धनांनी तो भाग कापला नाही, तसाच ठेवलाय. त्यासाठी मला ती डॉक्युमेंटरी मोठी वाटते. त्या बाईचा प्रश्न सुटलेला नाही, पण तो प्रश्न आहे हे लपवलं नाही. मला ती बाई त्या अख्ख्या फिल्ममध्ये सगळ्यात लक्षात राहिलीय.

टेपरेकॉर्डर

चाफेकळी, तुमच्या मुद्द्यावर एक उदाहरण देतो. ‘हनीलँड’, २०१९ ची, नॉर्थ मॅसेडोनियातली. हातिदझे नावाची बाई, वीज नाही रस्ता नाही अशा ओसाड गावात अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहते आणि रानातल्या मधमाश्या सांभाळते. मध काढताना अर्धा आपण घ्यायचा अर्धा माश्यांना ठेवायचा हा तिचा नियम. मग शेजारी एक मोठं कुटुंब येतं, त्यांना भराभर पैसे हवेत, ते सगळा मध काढतात आणि पुढे जे व्हायचं ते होतं. ऑस्करला बेस्ट डॉक्युमेंटरी आणि बेस्ट इंटरनॅशनल फीचर अशी दोन्ही नामांकनं मिळालेली ही पहिलीच फिल्म. पुढे बक्षिसाच्या पैशातून तिला दुसऱ्या गावात घर घेऊन दिलं. याने सगळा प्रश्न मिटतो असं मी म्हणत नाही, पण शूटिंग झाल्यावर तिला तिथेच सोडून आले नाहीत.

मला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. तीन वर्षं शूटिंग करत होते, जवळपास ४०० तासांचं फुटेज. तिथली माणसं जुनी तुर्की बोलतात जी डायरेक्टर लोकांना येत नव्हती, म्हणून त्यांनी सुरुवातीचं एडिटिंग संवाद न समजताच केलं, नुसत्या चेहऱ्यांवरून, हातांवरून, कोण कोणाकडे बघतंय त्यावरून. आता ही फिल्म परत बघा, काही सीन आवाज बंद करून बघा. आई आणि मुलीमधलं सगळं कळतं. ती आईला भरवते तेव्हाचा हात बघा. मी साऊंडचं काम करतो, लग्नाचे आणि नाटकाचे प्रोग्राम, गडकरीला आणि वाशीच्या भावे नाट्यगृहात कायम असतो, तरी मी सांगतोय की आवाज बंद करून बघा.

आणि घणसोलीकर, तुम्ही विचारलं होतं कॅमेरा ठेवून माणूस कळतो का. कॅमेरा किती वेळ ठेवला त्यापेक्षा किती वर्षं ठेवला हे विचारा. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सगळे साडी नीट करतात, पाहुण्यासारखं बोलतात. रोज तीच माणसं येऊन बसायला लागली की मग माणूस चहा पिता पिता मुलावर ओरडतो आणि कॅमेऱ्याकडे बघत नाही. ४०० तासांतले दीड तास आपल्याला दिसतात, ते दीड तास मिळायला बाकीचे लागतातच.

कोपरीची_आजी

मुलांनो, मी फोनवर बोलून टाइप करते, चुका असतील.

पूर्वी टॉकीजमध्ये मेन पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी किंवा न्यूजरील दाखवावीच लागायची, नियमच होता तसा. पुष्कळ लोक तेवढा वेळ बाहेर थांबायचे. आमचे हे मात्र आम्हाला वेळेवर नेऊन बसवायचे, त्यांना ते बघायचं असायचं. धरणं, कारखाने, पूर, सगळं त्या भारदस्त आवाजात. पण त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये काही वेगळी माणसं पण होती. एस. एन. एस. शास्त्री म्हणून होते, त्यांची १९६७ ची ‘आय ॲम ट्वेंटी’ यूट्यूबवर आहे, वीसेक मिनिटांची. देश स्वतंत्र झाला त्या साली जन्मलेल्या मुलामुलींना विचारलंय की तुम्हाला काय वाटतं. मी त्याच वयाची. सरकारी पैशाने केलेली, पण मुलं सरकारला बरं वाटेल असंच बोलत नाहीत, कोणी म्हणतो मला देशाबद्दल काही वाटत नाही, कोणाला खूप काही करायचंय. माझ्या नातवाने लावून दिली तेव्हा मला वाटलं या मुलांचं पुढे काय झालं ते कळायला हवं होतं.

तर नातू म्हणाला इंग्लंडमध्ये तसं केलंय, ‘अप’ नावाची मालिका आहे. १९६४ मध्ये सात वर्षांची १४ मुलं घेतली, काही श्रीमंत काही गरीब, आणि दर सात वर्षांनी त्यांना परत भेटत गेले, २०१९ मध्ये ती ६३ वर्षांची झाली तोपर्यंत. मायकेल ॲप्टेड नावाचे गृहस्थ पहिल्या वेळी मदतनीस होते आणि मग तेच सगळं करत राहिले, २०२१ ला वारले. त्यात टोनी आहे, सातव्या वर्षी म्हणतो घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होणार, मोठेपणी टॅक्सी चालवतो. आणि तो दुःखी नाहीये. मला हे फार आवडलं, कारण आपल्या सिनेमात स्वप्न पुरं झालं नाही की माणूस दारू पितो नाहीतर रडतो. खरी माणसं तसं करत नाहीत, टॅक्सी घेतात आणि चालवतात. आणि त्यातली जॅकी त्या ॲप्टेडना तोंडावर सुनावते की तुम्ही मला असे प्रश्न का विचारता. चाफेकळी, तुझ्या त्या हमारा शहरच्या बाईसारखीच ती. ते पण त्यांनी ठेवलंय.

कळव्याची_चाफेकळी

आजी, जॅकीचं माहीत नव्हतं मला, आता नक्की बघते.

मी माझ्या कामातलं एक सांगते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. डॉ. मोहन आगाशे निवृत्त संस्कृत पंडित झालेत, अल्झायमर झालाय, मुलीच्या गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत हे कळतं त्या कामात, कुठेही ‘वेडा’ केला नाहीये. असे पेशंट मी बघितलेत, ते हरवलेले दिसतात पण मधूनच एखादा श्लोक, एखादं गाणं स्वच्छ येतं, आणि घरच्यांना वाटतं की मुद्दाम करतात, बाकीचं बरं आठवत नाही. त्या इराला, म्हणजे मुलीला, वडिलांचा कंटाळा येतो, राग येतो आणि मग त्या रागाचा त्रास होतो, हे सगळं दाखवलंय. आणि माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष, तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिची भाषा कन्नड, हा माणूस कोण काय तिला माहीत नाही, तो पूर्वी केवढा विद्वान होता हे तर अजिबात माहीत नाही. म्हणून तिला ते सोपं जातं. मुलीला आधीचे वडील आठवतात, चन्नम्मासमोर आत्ता भुकेला बसलेला माणूस आहे, ती त्याला लेकरासारखं जेवू घालते. पेशंटच्या नातेवाइकांना मी हे समजावायचा प्रयत्न करते, कधी जमतं कधी नाही, मग सांगते ‘अस्तु’ बघा.

सुमित्राताई मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. बायकांवरच्या संशोधनाचं काम करताना ज्यांचा अभ्यास केला त्यांनाच ते वाचता येत नाही, मग त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, यातून त्या फिल्मकडे आल्या, १९८५ ची ‘बाई’ ही पहिली. मला वाटतं म्हणूनच त्यांच्या सिनेमात माणसाचं ऐकून घेतलेलं असतं. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, त्याच महिन्यात ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे, वीरा साथीदार, कोविडने गेले. ते खरेच चळवळीतले होते, नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक.

घणसोली_ब्लूज

रविवारी ‘कोर्ट’ पूर्ण बघितला. बायको पण बसली होती.

ती कोर्टरूम रिकामी होते, दिवे बंद होतात, अंधार होतो, मला वाटलं संपला. आणि मग ते जज साहेब कुटुंबासोबत रिसॉर्टला सहलीला गेलेले दाखवतात, एवढा वेळ का दाखवतायत कळेना, आणि शेवटी दुपारी बाकावर झोपलेले असताना पोरं ओरडून उठवतात तर एकाच्या कानाखाली मारतात. बायको म्हणाली हे त्यांनी कोर्टात पण असंच केलं ना. मी तिला धाग्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच दिसलं. त्यावर आम्ही जेवताना बराच वेळ बोललो, तिचं म्हणणं ते जज वाईट नाहीत, झोपेतून उठवल्यावर कोणीही चिडेल, माझं म्हणणं की मग त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्याने काय करायचं. आमचं एकमत झालं नाही.

संथ आहे हे मी अजूनही म्हणेन. शाहीराचा वकील व्होरा, त्याचा बारमधला आणि घरचा भाग कमी केला असता तरी चाललं असतं.

नौपाडा_स्लो_लोकल

@घणसोली_ब्लूज, वहिनींना इथे लिहायला सांगा! व्होराच्या भागाबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. तो माणूस गरिबांच्या केस लढतो, पण गाडीत जाझ लावतो, सुपरमार्केटमधून वाईन आणि चीज घेतो, आणि त्याच शहरात नूतन लोकलने घरी जाऊन पोळ्या लाटते. त्याचं घर दाखवलं नसतं तर तो नुसता हिरो झाला असता, मग आपण त्याच्या बाजूने टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. चांगलं काम करणारा माणूस ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासून किती लांब राहतो, हे त्या दुकानातल्या सीनमध्ये आहे.

दिवाळे_कोळीवाडा

आमच्या गावात काही मुलं विचारतायत की ‘अगेन्स्ट द टाइड’ देवळासमोर पडदा लावून सगळ्यांना दाखवता येईल का. फिल्म बनवणाऱ्यांची परवानगी लागेल, ते आम्ही बघतो, कोणी असं केलं असेल तर सांगा. म्हाताऱ्या बायकांनी बघावी अशी फार इच्छा आहे, मासळी विकायला त्याच बसतात, त्यांचं म्हणणं मला ऐकायचंय. टेपरेकॉर्डर दादा, मोकळ्या जागेत आवाजाचं कसं करायचं?

टेपरेकॉर्डर

परवानगी मिळाली की कळवा, दोन स्पीकर मी घेऊन येतो, भाड्याचा विषय काढू नका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवू, फार उंच नको, बोलणं स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. वाऱ्याची दिशा बघून पडदा लावा, खाडीकडून वारा आला की मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही.

कोपरीची_आजी

मी येईन, नातू सोडेल स्टेशनपर्यंत.

एक मागणी आहे, कोणी फिल्मवाले वाचत असतील तर. आपल्या इकडच्या माणसांवर फिल्म करता आणि खाली अक्षरं फक्त इंग्रजी. कोळ्यांची बोली, वऱ्हाडी, गोंडी, सगळं मला कानाने पूर्ण कळत नाही, आणि इंग्रजी इतक्या भराभर वाचवत नाही. माझ्या वयाच्या कितीतरी जणी आहेत ज्यांना अशी माणसं बघायची आहेत. मराठीत सबटायटल द्या, जरा मोठ्या अक्षरात, आणि दोन सेकंद जास्त ठेवा.